चिठ्ठीशिवाय डबा उचलायचा नाही

अमेरिकेत कुणाच्या बेसमेंटमध्ये मॉडेल रेल्वेच्या ‘ऑपरेटिंग सेशन’ला, म्हणजे खऱ्या रेल्वेसारख्या गाड्या चालवायच्या बैठकीला, पाहुणे म्हणून गेलात की रुळांचा पसारा बघून होत नाही एवढं आश्चर्य एका नियमाचं होतं. वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, घसरली तर लगेच उचलायची नाही. आधी चिठ्ठी लिहायची: वाघिणीचा नंबर, जागा, इंजिन तिला ओढत होतं की ढकलत होतं, सांध्यावर (रूळ जिथे फुटून दोन वाटा होतात तिथे) कुठल्या बाजूने आली. मग उचला. चिप्स-सोडा देताना यजमान कितीही अघळपघळ असो, इथे सूट नाही. हाताने डबे हलवणाऱ्याला ‘झिरो-फाइव्ह-झिरो’ म्हणतात. वाफेची इंजिनं चाकांच्या संख्येवरून ओळखायची जी पद्धत आहे, त्यातलं हे पाच बोटांचं इंजिन.

आपला हात मात्र सवयीने आधीच पुढे गेलेला असतो. डबा रुळावर टेकवला, बोटाने जरा दाबला, चला पुढे. गाडी पळते, पण ती का घसरली हे कायमचं हरवतं.

चिठ्ठ्या साठल्या की उत्तर आपोआप दिसू लागतं. एकच वाघीण तीन ठिकाणी घसरली तर खोट वाघिणीत. तीन वाघिणी एकाच ठिकाणी घसरल्या तर खोट रुळात. ओढताना ठीक आणि ढकलताना घसरते, तर बहुतेक कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, अडकतोय किंवा वाघीण हलकी आहे. एनएमआरए (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन) ही इथली १९३५ सालची हौशी लोकांची संस्था. तिची खिशात मावणारी धातूची मापपट्टी चाकजोडीवर ठेवली की दोन चाकांमधलं अंतर बरोबर आहे की नाही ते लगेच कळतं. तीच पट्टी सांध्याच्या फ्रॉगमध्ये, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, घालून फटही तपासतात. वजनाचं सूत्रही त्यांचंच: एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. सहा इंची वाघीण ११२ ग्रॅम भरली पाहिजे. कमी पडलं तर आत तळाशी लोखंडी नट चिकटवायचे. छताजवळ चिकटवले तर वाघीण वळणावर डुलते.

बोगीचे, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्याचे, स्क्रू हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. दोन्ही घट्ट आवळले तर चारातलं एक चाक अधांतरी राहतं, दोन्ही सैल सोडले तर डबा झिंगतो. एक बोगी फक्त आडवी फिरेल इतपत आवळायची आणि दुसरी थोडी डोलू द्यायची, म्हणजे डबा तिपाईसारखा बसतो. प्लास्टिकची चाकं काढून धातूची घालायची, कारण प्लास्टिकवर काळा चिकटा जमतो आणि तोच साऱ्या रुळांवर पसरतो.

यावर एवढं लिहायचं कारण की इथे हे सगळं हौसेने नाही, हट्टाने करतात. थोडं हास्यास्पदही वाटतं. पण अशा जागी तीन तासांत चाळीस गाड्या न अडता धावतात, हेही खरं.

बाकी चालवण्याचं तंत्र थोडक्यात. भिंतीवरचं घड्याळ चौपट वेगाने धावतं, म्हणजे खऱ्या तीन तासांत रेल्वेचे बारा. १:८७ मध्ये ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १३ सेंटीमीटर, यार्डात ताशी १० म्हणजे जेमतेम ३. नवखा माणूस याच्या तिप्पट वेगाने हाकतो. इंजिनातल्या डिकोडर नावाच्या चिपमध्ये सीव्ही ३ हे सेटिंग वेग किती सावकाश वाढावा ते ठरवतं; त्यात २० हा आकडा घातला की पूर्ण वेग घ्यायला सुमारे १८ सेकंद लागतात, मग हात आपोआप संयमी होतो. डबे सोडवायला बांबूची काडी, कबाबाला वापरतात तीच: दोन कपलरच्या मधे वरून घालायची आणि किंचित फिरवायची. विजेची परीक्षा नाण्याने. सगळ्यात दूरच्या रुळांवर नाणं आडवं टाका, रुळांना वीज पुरवणारा बूस्टर तत्क्षणी बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तारा बारीक आहेत किंवा रुळांचे तुकडे जोडणाऱ्या सांधेपट्ट्यांच्या भरवशावर वीज सोडली आहे. अशा वेळी खरं शॉर्ट सर्किट झालं तर डब्याची बोगी वितळते.

आता फोटो. चांगल्या फोटोत कॅमेरा छोट्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर असतो. १:८७ मध्ये ती उंची रुळांपासून जेमतेम दोन सेंटीमीटर. मोठा कॅमेरा तिथे मावत नाही, फोन मावतो: उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते, आणि नंतर चित्र फिरवा. मोठ्या कॅमेऱ्याने काढायचा तर इंजिनाच्या नाकापासून डोंगरापर्यंत फोकस सरकवत दहा-पंधरा फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकत्र करायचे. एफ २२ लावून, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, एकाच फोटोत उरकायला गेलात तर सगळंच थोडं मऊ येतं. सूर्य एकच ठेवा. दोन दिव्यांनी दोन सावल्या पडतात, आणि एखादी सावली मागच्या रंगवलेल्या आभाळावर गेली की खेळ संपला. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा, फक्त माथा चकचकीत ठेवा. आणि पुसा, आधी पुसा: ०.१ मिलिमीटरचा केस या मापात नऊ मिलिमीटर जाड दोरी होतो.

इथे आपली बाजूही सांगायला हवी. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून उभं आहे, तेही एका घरगुती छंदातूनच. आणि घाट चढणं काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको: कर्जत ते लोणावळा १:३७ चढ, मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन. मॉडेलवर हा चढ मीटरला २.७ सेंटीमीटर येतो, आणि इथले लोक दोनवरच थांबतात. मागून इंजिन लावून ढकलायचं तर मधल्या हलक्या वाघिणी वळणावर उचलल्या जातात, म्हणजे पुन्हा ते ११२ ग्रॅम. भारतीय गाडीची अडचण वेगळीच. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ८७ने भागलं तर १९.३. बाजारातले एचओ रूळ १६.५चे. डेक्कन क्वीन समोरून टिपली तर पाय जवळ घेऊन उभी दिसते. तिचा फोटो तिरकसच घ्यावा.

आपल्याकडे हे फारसं दिसत नाही ते आळसामुळे नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बेसमेंट नसतं, आणि उघड्या खिडक्या, फिरता पंखा यांत आठवड्याला रूळ पुसावे लागतात. बंद बेसमेंटमध्ये बसून शिस्तीचे धडे देणं सोपं आहे. अर्थात त्यांच्याकडेही दमट हवेत लाकूड फुगतं, हिवाळ्यात आकसतं आणि रूळ वाकतात. पण जॉन ॲलन हा इथला पेशाने फोटोग्राफर होता. त्याने ‘टाइमसेव्हर’ नावाचं शंटिंगचं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायचं, कोडं एका फळीवर रचलं, पाच सांधे आणि मोजके डबे. एवढी फळी तर टीव्हीखालीही बसते, तेव्हा ती सबब निम्मीच खरी.

त्या फळीवरही फोटो काढून मोठा करून बघावा. दोन सेंटीमीटर उंचीवरून डोळ्याला न दिसणारं दिसतं: तिसरी वाघीण किंचित डावीकडे कललेली, तिचा कपलर शेजारच्यापेक्षा खाली. अजून घसरलेली नाही. चिठ्ठी आताच लिहा.