दहा सेकंदांचा मेनू

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान विश्रामबागच्या बाजूला, तिथवर पाणी आलं नाही. पण ओसरल्यावर पूर आमच्याकडे आलाच. रिक्षातून, टेम्पोतून, एकानं तर बुलेटच्या टाकीवर ठेवून कॅबिनेट आणला. झाकण काढलं की आतून गाळाचा वास यायचा.

पहिल्याच दिवशी दुकानातल्या मदतनीस पोराला एक गोष्ट बजावून सांगितली. पाण्यात बुडालेली हार्डडिस्क कुणीही कितीही गयावया केली तरी चालू करायची नाही. डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जातं. वरून वाळलेली दिसते आणि लोक वीज देतात, मग आतल्या गाळावर हेड घासून उरलासुरला डेटाही जातो. तसल्या डिस्का आम्ही सरळ पुण्याच्या रिकव्हरीवाल्यांचा रस्ता दाखवून परत करत होतो. आमच्याकडे घेतली ती माळ्यावर, टेबलावर ठेवल्यामुळे वाचलेली मशिनं. पण आठ-दहा दिवस ओलीत राहिल्यानं तीही धड नव्हती. रॅमचे पाय काळे पडलेले, सेल उतरलेले, डिस्प्ले नाही. रॅमला खोडरबर मारायचा, सेल बदलायचा, मग तपासणी.

तपासणीची सगळी हत्यारं पेनड्राइव्हवर होती, आणि पेनड्राइव्ह चार. एकावर रॅम तपासणारा मेमटेस्ट, एकावर अख्ख्या डिस्कची नक्कल काढणारा आणि उतरवणारा क्लोनझिला, एकावर बिघडलेल्या मशिनची डिस्क उघडून बघायचा लिनक्सचा बचाव संच, चौथा कुणाच्या तरी मशिनला लावलेला, आणि कुणाच्या ते कुणालाच आठवत नसायचं. टेबलावर एका वेळी सहा कॅबिनेट. दोन दिवस ‘पेनड्राइव्ह कुठाय’ एवढंच ओरडून झाल्यावर बरेच महिने मनात असलेलं काम एका रात्री करून टाकलं : ही सगळी हत्यारं पेनड्राइव्हऐवजी नेटवर्कच्या तारेवरून मिळतील अशी सोय.

कोपऱ्यात एक जुनं मशिन पडलेलं होतं, त्यावर डेबियन नावाचं लिनक्स टाकलं. मशिनं तारेनं जोडायला आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणला, कारण जुना शंभर एमबीपीएसचा होता. त्यावर सेकंदाला अकराएक एमबीच्या वर माल सरकत नाही, आणि चार मशिनं एकदम लावली की त्याचेही चार वाटे. नेटवर्कवरून बूट होणं, म्हणजे आपल्या डिस्कऐवजी तारेवरून आलेल्या फाइलीवर मशिन चालू होणं, काही नवीन नाही. त्याची पद्धत पीएक्सई, तिचं २.१ हे स्पेसिफिकेशन इंटेलनं १९९९ सालीच काढलं होतं, आणि बहुतेक लॅनकार्डात ती सोय पडून असते. मशिन चालू झालं की हाळी देतं, मला पत्ता द्या. पत्ता आमचा राउटर देतो. त्याच वेळी माझा डेबियन म्हणतो, पत्ता त्याच्याकडून घे, पण बूटची फाइल माझ्याकडून ने. हे करणाऱ्या डीएनएसमास्क या प्रोग्रॅममध्ये याला प्रॉक्सी मोड म्हणतात. राउटरला हात लावावा लागत नाही हा त्यातला मोठा फायदा. एकाच तारेवर पत्ते वाटणारे दोन सर्व्हर बसवले की काय गोंधळ होतो, ते मी आधी एकदा भोगलं होतं.

पहिल्या मशिनवर पीएक्सई-ई५३ हा एरर आला, म्हणजे फाइलचं नावच मिळालं नाही. सर्व्हर चालू होता, पण फायरवॉलनं दार लावून घेतलं होतं. ते उघडल्यावर जुनी बायॉसवाली मशिनं लागली. मग कळलं की बायॉसच्या जागी नवं यूईएफआय असलेल्या मशिनांना वेगळी फाइल द्यावी लागते. मशिन हाळी देतानाच आपली जात सांगतं, त्यावरून निवड करायची. शिवाय ही फाइल ज्यावरून जाते तो टीएफटीपी म्हणजे ५१२ बाइटचा घास देऊन ‘गिळला का’ असं विचारत बसणारा प्रोटोकॉल. म्हणून त्याच्याकडून फक्त आयपीएक्सई हा बूट करणारा प्रोग्रॅम, एवढं छोटं पिल्लू पाठवायचं आणि पुढची जड ओझी वेबसाइटसारखी एचटीटीपीवरून ओढायची. रात्री दोनला मेनू दिसला. निळ्या पडद्यावर पाच ओळी, खाली दहा सेकंदांची उलटी मोजणी. काही दाबलं नाही तर मशिन आपल्या डिस्कवरून चालू होणार.

गणपतीच्या आधीचा शनिवार. सोमवारी प्रतिष्ठापना, म्हणून प्रत्येकाला मशिन रविवारपर्यंत हवं. एका कॉम्प्युटर क्लासची चौदा मशिनं होती, सगळी सारखी, प्रत्येकात ५०० जीबीची डिस्क. त्यांना जुनं काही नको होतं, सगळं पुसून नव्यानं हवं. दुसरं महत्त्वाचं मशिन गावभागातल्या एका हळदीच्या अडत्याचं. पेढीतून वेळेत माळ्यावर नेलेलं. त्यात नऊ वर्षांचे हिशेब. बॅकअप होता, पण पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह गादीजवळच्या खणात. खण पाण्यात.

सकाळी शेठच्या मशिनची रॅम साफ केली, नवा सेल घातला, बूटच्या क्रमात लॅन सर्वांत वर आणलं, म्हणजे मशिन डिस्कआधी माझा मेनूच उघडणार, आणि मेनूतून मेमटेस्ट लावली. डिस्कची नक्कल त्यानंतर. रॅम खराब असताना नक्कल काढली तर नक्कलच खराब निघते, म्हणून मी हा क्रम कधी मोडत नाही.

दुपारी क्लासचं काम घेतलं. एक मशिन नीट तयार करून त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढली. मग उरलेल्या तेरांसाठी तेरा वेळा मेनूत जाऊन निवड करायचा कंटाळा आला, आणि डिफॉल्ट ओळ बदलली. दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही, तर क्लोनझिलानं काहीही न विचारता डिस्क पुसून इमेज उतरवायची. बटण दाबा आणि पुढच्या मशिनकडे वळा. चार-चारच्या तुकड्यांनी काम इतकं झकास चाललं की मी खूश होऊन समोरच्या गाड्यावर चहाला गेलो.

परत आलो तर पोरगा म्हणाला, ‘दादा, शेठचं मेमरीचं झालं, एकही एरर नाही. रिस्टार्ट केलंय.’

रिस्टार्ट. लॅन वर. तार लावलेली.

चहा पोटातून परत वर आला म्हटलं तरी चालेल. टेबलाच्या त्या टोकाला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं थांबलेली. मी आधी स्विचचीच पिन ओढली, त्यात क्लासच्या दोन मशिनांचं चाललेलं कामही मेलं. मग वाचलं. क्लोनझिलाचं म्हणणं होतं की इमेज ५०० जीबीच्या डिस्कची आहे आणि समोरची डिस्क लहान आहे, काम थांबवलं. पार्टिशनचा तक्ता लिहिण्याआधी तो डिस्कचं माप बघतो. ही तपासणी बंद करायचा पर्याय त्यात आहे, आणि आज्ञा लिहिताना मी तो वाचलाही होता. घातला नव्हता, केवळ आळसानं.

शेठची डिस्क १६० जीबीची होती.

तरी विश्वास बसेना. मेनूची डिफॉल्ट ओळ परत जागेवर आणली, मगच स्विच चालू केला. बचाव संच लावून पाहिलं, दोन्ही पार्टिशनं जागच्या जागी. पोराला काही बोललो नाही, बोलायला तोंड नव्हतं. त्यानं काय चुकवलं होतं? लगेच नव्या ५०० जीबीच्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमनं नक्कल काढायला घेतली आणि संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो. एकही सेक्टर सुटला नाही. नव्या डिस्कवरून टॅली उघडलं, पहिल्या वर्षाचे सौदे दिसले, तेव्हा कुठे उठलो. तोवर पोरानं फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं : ‘शेठच्या मशिनची लॅन काढणे.’

संध्याकाळी शेठ आले. जुनी डिस्क पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली, जपून ठेवा म्हटलं. त्यांनी लेबल चष्म्याजवळ धरून वाचलं.

‘एकशेसाठच? तुम्ही दोन वर्षांमागं म्हणत होता, पाचशेची घाला म्हणून.’

‘म्हणालो होतो खरं.’

‘ऐकायला पाहिजे होतं ओ तुमचं. पैशाकडं बघितलं.’

मी बिलातून नक्कल काढायचे पैसे कमी केले. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.