गालातली कळ आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

दात घासताना किंवा गार वारा लागताना माझ्या उजव्या गालातून विजेचा झटका बसावा तशी कळ जात असे. दाढा ठणठणीत असल्याचे दंतवैद्यांनी सांगितल्यावर न्यूरॉलॉजिस्टनी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचे दुखणे, असे निदान करून कार्बामाझेपिन ही कळ दाबणारी गोळी सुरू केली आणि एमआरआय लिहून दिला.

घोडे अडले ते स्कॅन सेंटरच्या काउंटरवर. चिठ्ठीत ‘उजवी बाजू, नसेच्या मुळाशी रक्तवाहिनीचा दाब आहे का ते पाहावे, सिस किंवा फिएस्टा सिक्वेन्स’ (सिक्वेन्स म्हणजे एमआरआयमध्ये चित्रे घेण्याची ठरावीक पद्धत) असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले असताना तिथल्या बाईंनी संगणकात ‘एमआरआय ब्रेन प्लेन’ एवढेच टाइप करून पावती फाडली. साध्या तपासणीतले काप चार-पाच मिलिमीटर जाडीचे असल्याने इतकी बारीक नस त्यांत नीट दिसत नाही. सिसमधले काप एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात आणि मेंदूभोवतीचे पाणी पांढरेशुभ्र दिसून त्यात नस व रक्तवाहिनी काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. रिपोर्ट अर्थातच ‘नॉर्मल’ आला. तक्रार केली, तर “नॉर्मल आहे ना, मग चांगलंच आहे की!” असे उत्तर मिळाले, वर नवी चिठ्ठी आणि पुन्हा पूर्ण पैसे मागितले. माझ्या पॉलिसीत दाखल न होता केलेल्या तपासणीचा खर्च बसत नसल्याने मी तिथेच ठाण मांडले. अखेर रेडिओलॉजिस्ट बाहेर आले, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि राहिलेला सिक्वेन्स निम्म्या दरात करून दिला.

म्हणून आत जाण्यापूर्वी कोणता सिक्वेन्स होणार हे तंत्रज्ञालाच विचारावे. नुसत्या फिल्म न घेता सीडी मागून घ्यावी. माझ्या न्यूरोसर्जननी रिपोर्टला हातही न लावता सीडीतला एकेक काप स्वतः पाहिला आणि नसेला टेकलेला सुपीरियर सेरेबेलर या लहान मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा वळसा दाखवला. गोळीची वेळ मात्र स्कॅनसाठी चुकवू नये, कारण डोक्याभोवतीच्या कॉइलमध्ये कळ आली तर स्थिर पडून राहणे अशक्य होते.

असा स्पर्श दुखणे नसलेल्यांतही आढळतो, त्यामुळे कळीची बाजू आणि स्वरूप जुळल्याशिवाय चित्राला अर्थ नाही, असे सर्जननी बजावले. अशी कळ उठवू शकणारी गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचे आवरण खराब करणारा आजार) नाही हे कळणेही तितकेच महत्त्वाचे होते. सध्या गोळीने कळ आटोक्यात असल्याने शस्त्रक्रिया लांबणीवर आहे, फक्त गोळीने रक्तातले सोडियम कमी होऊ शकते म्हणून ते अधूनमधून तपासावे लागते. पहिल्या स्कॅनच्या पैशांबद्दल लिहिलेल्या पत्राला सेंटरचे उत्तर आले आहे: ‘तपासणी चिठ्ठीनुसारच करण्यात आली.’ त्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडून मी दुसरे पत्र धाडले आहे.