'श्रावण शु. 5' ची तारीख शोधताना

फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवस्थानात वार्षिक अभिषेकांची नोंद अजून तिथीनेच होते. यजमानाचं नाव आणि पुढे 'श्रावण शु. 5' किंवा 'पौष व. 11', एवढंच. आठ दिवस आधी मोबाइलवर निरोप जावा म्हणून 2023 साली मी त्या वह्या संगणकावर घ्यायला बसलो.

प्रोग्रॅमिंगच्या एका तयार लायब्ररीत 'भारतीय' कॅलेंडर मिळालं. 1 चैत्र 1945 ची तारीख विचारली, 22 मार्च आली. त्या वर्षी गुढीपाडवाही 22 मार्चलाच, शकही 1945! मी निर्धास्त झालो. शुद्ध तिथींना 1 ते 15, वद्य तिथींना 16 ते 30 असे आकडे देऊन टाकले. नोंदी भरण्यात जून उजाडला.

जुलैत एका आजींचा फोन आला. यजमानांच्या नावाचा अभिषेक 27 जुलैला आहे, असा निरोप त्यांना गेला होता. "बाबा, नागपंचम अजून लांब आहे रे. अधिक लागलाय ना?" नागपंचमी 21 ऑगस्टला होती. त्या आल्या असत्या तर देवळातून तशाच परतल्या असत्या, हे मनातून जाईना.

ते कॅलेंडर म्हणजे 1957 पासूनची सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका. ती सौर, तिच्यात पक्ष नाही, अधिक महिना नाही. तिथी चालते चंद्रावर. चंद्र सूर्यापासून आणखी 12 अंश पुढे गेला की तिथी बदलते, आणि त्याला कधी वीसेक तास लागतात, कधी सव्वीस. एकही सूर्योदय न मिळालेली तिथी क्षय, दोन मिळाले तर वृद्धी. हे लहानपणापासून पंचांगात पाहत आलोय, पण कोड लिहिताना आठवलं नाही.

मग इंटरनेटवरचा एक तक्ता घेतला. तो उत्तरेकडचा, पौर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपवणारा निघाला: आपला श्रावण वद्य पक्ष तिथे भाद्रपदात.

शेवटी भटजींसोबत ओसरीवर बसून त्यांच्या पंचांगातून तारखांचा तक्ता स्वतः भरला. अधिक की निज (अधिकानंतरचा खरा महिना), क्षय की वृद्धी, यांना वेगळे रकाने. अधिक आला तर वार्षिक अभिषेक निजातच धरायचा, हे त्यांनी सांगितलं. मूळ नोंदीत आता फक्त महिना, पक्ष, तिथी राहते. तारीख दरवर्षी नव्याने काढतो आणि निरोप सुटण्याआधी यादी भटजींना दाखवतो.

2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. ज्येष्ठातल्या सगळ्या नोंदी बाजूला काढून ठेवल्या आहेत.