तुम्ही विचारलंत म्हणून: तेल बंद केलं, तरी लिव्हरवर चरबी कशी?

उदगीरच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न पेशंट सहसा विचारत नाही, त्याची बायको विचारते. सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे सरकवत म्हणते, "साहेब, माणूस वाळून काडी झालाय. तेल-तूप मी कधीच बंद केलं. अन् तुम्ही चरबी म्हणायलाव?" पेशंट तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असतो.

बाई, ही चरबी तुमच्या कढईतली नाही, त्याच्या रोजच्या दारूची आहे.

लिव्हरला चरबी नवी नसते. ती रोज येते, काही तिथेच जळते, उरलेली प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तात पाठवली जाते. आपल्या मोंढ्यासारखंच: आवक, खप, उचल. निरोगी लिव्हरमध्ये साठा ५ टक्क्यांच्या आत राहतो. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरात मात्र तिन्ही गोष्टी एकदमच बिघडतात.

आधी खप. दारू शरीराला साठवून ठेवता येत नाही, म्हणून ती आली की लिव्हर बाकीची कामं टाकून तिच्या मागे लागतं. अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट. दोन्ही वेळेला एनएडी नावाचा मदतनीस रेणू कामाला लागतो आणि त्याचं एनएडीएच होऊन बसतं. चरबी जाळायलाही हाच मोकळा एनएडी लागतो. तो दारूतच गुंतला, की चरबी जळायची मंदावते आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी, होऊन पेशीत साठते. याच एनएडीएचमुळे लिव्हरला नवी साखर बनवणंही जमेनासं होतं. उपाशीपोटी पिऊन पडलेल्याला 'चढलीय, झोपू द्या' म्हणतात. कधी कधी त्याची साखर धोकादायक उतरलेली असते.

वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या पेशीत तर वरचे हुकूमच बदलतात. एसआरईबीपी-१सी नावाचं प्रथिन चरबी बनवणारी जनुकं चालू ठेवतं, आणि जाळणाऱ्या जनुकांना जागं ठेवणारं पीपीएआर-अल्फा दबून जातं. उचलही अडते, कारण चरबीची गाठोडी ज्या सूक्ष्म नलिकांच्या आधाराने पेशीबाहेर जातात त्यांनाच अ‍ॅसिटाल्डिहाइड चिकटतं.

आणि आवक? ती त्या माणसाच्या स्वतःच्या अंगावरून. दारूमुळे कातडीखालची चरबी सुटते आणि रक्तातून लिव्हरकडे जाते. दंड, मांड्या उतरतात, लिव्हर फुगतं. त्यात १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे ४२० च्या आसपास कॅलरी. भूक मरते, भाकरी तशीच राहते, आणि त्या कॅलरीत प्रथिनं काहीच नसतात.

हे ऐकून दुसरा गट खूश होतो. "आम्ही खाऊन पितो, साहेब." मटण पोटभर खाल्लं की दारू बाधत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. एकेकाळी शास्त्रज्ञांचंही साधारण असंच मत होतं: दारुड्याचं लिव्हर बिघडतं ते कुपोषणाने. न्यूयॉर्कचे संशोधक डॉक्टर चार्ल्स लीबर यांनी १९६० च्या दशकात स्वयंसेवकांना प्रथिनं आणि जीवनसत्त्वं भरपूर असलेला आहार देऊन सोबत अल्कोहोल दिलं, तरी लिव्हरात चरबी जमलीच. पुढे १९७० च्या दशकात बबून माकडांना चांगला आहार देऊनही दारूने लिव्हर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे व्रण पडून कडक होण्यापर्यंत, गेलेलं त्यांनी दाखवलं. तेव्हा मटण खा, पण त्याच्या भरवशावर पिऊ नका.

दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांत सुमारे ९० टक्के लोकांना फॅटी लिव्हर होतं. त्यातल्या बऱ्याच जणांचं तिथेच थांबतं, साधारण १० ते २० टक्के सिरॉसिसपर्यंत जातात. अडचण एवढीच, की फॅटी लिव्हर दुखत नाही. माणूस शेतात जातो, बैठकीत बसतो, 'मला काय झालंय' म्हणतो. आणि याच टप्प्यावर दारू पूर्ण सोडली तर चरबी काही आठवड्यांत उतरू लागते. लिव्हर टॉनिकची बाटली सकाळी आणि क्वार्टर रात्री, हा हिशोब करणाऱ्यांचा मात्र मला रागच येतो. टॉनिकने एनएडी मोकळा होत नाही. तुमच्या वरणावरचं चमचाभर तूप चालू द्या, ते गुन्हेगार नाही.

एक मात्र बजावून सांगतो. पाहुणे जमतात, माळ घालतात, शपथ देतात आणि एका रात्रीत दारू बंद करायला लावतात. रोज भरपूर पिणाऱ्याला अशा वेळी पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. माळ घाला, पण त्याआधी डॉक्टरकडे आणा. ते दिवस औषधांच्या आधाराने काढता येतात. व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनंही बहुतेकांना लागतात.