दामियान अल्कासारचे पॉज

मी २० वर्षं हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. संहिता हातात धरून विंगेत उभं राहिलं की नटाच्या वाक्यापेक्षा त्याच्या आधीचा श्वास ऐकायची सवय लागते. हा विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे लगेच ओळखावं लागतं. मेक्सिकन नट दामियान अल्कासारला पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला स्पॅनिशचं अक्षरही कळत नव्हतं. पण तो कुठे थांबतोय आणि का थांबतोय, हे मात्र कळत होतं.

तो चित्रपट होता ‘ला लेय दे एरोदेस’, म्हणजे हेरोदचा कायदा. दिग्दर्शक लुईस एस्त्रादा, साल १९९९. कथा १९४९ची. मेक्सिकोतल्या एका उजाड खेड्याचा महापौर तिजोरी घेऊन पळताना गावकऱ्यांच्या हाती लागतो आणि मारला जातो. त्याच्या जागी सत्ताधारी पीआरआय पक्षाला कुणीतरी बिनडोक, निष्ठावान माणूस हवा असतो. कचरा डेपोवर काम करणारा हुआन वार्गास सापडतो. तो अल्कासार.

पहिल्या अर्ध्या तासात वार्गास खरोखरच भला माणूस आहे. गावाचं भलं करायचं म्हणून पैसे मागायला वरिष्ठांकडे जातो. ती भूमिका पेद्रो आर्मेन्दारिस (धाकटे) यांची. ते त्याला पैसे देत नाहीत, राज्यघटनेची प्रत आणि एक पिस्तूल देतात. या दोन गोष्टींवर गाव चालव! त्यानंतर वार्गास बदलत जातो, पण तो नेमका कधी बदलला ते तीन वेळा पाहूनही मला बोट ठेवून सांगता आलेलं नाही. वेश्यागृह चालवणाऱ्या दोन्या लुपेकडून पहिली लाच घेताना तो क्षणभर घुटमळतो. पुढच्या वेळी घुटमळणं कमी. मग ते उरतच नाही. वाईट माणूस उभा करताना बहुतेक नट काहीतरी वाढवत नेतात, आवाज किंवा डोळे. अल्कासार एक गोष्ट कमी करत नेतो. प्रॉम्प्टरला हे कळतं, कारण आम्ही पॉजच मोजत असतो.

या चित्रपटात पीआरआयचं नाव थेट घेतलं होतं, कुठलाही काल्पनिक पक्ष नव्हता. पैसा घालणाऱ्यांत सरकारी चित्रपट संस्था इमसिनेच होती, त्यामुळे प्रदर्शनाच्या वेळी बराच गोंधळ झाला. जुलै २०००मध्ये पीआरआयने ७१ वर्षांनी राष्ट्राध्यक्षपद गमावलं. चित्रपटामुळे गमावलं असं मी म्हणणार नाही. पण मतदानाच्या आधी लोकांनी वार्गासला पाहिलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अल्कासारचा जन्म १९५३चा, मिचोआकान राज्यातल्या खिकिल्पानचा. तेलउद्योगाचं राष्ट्रीयीकरण करणारे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास याच गावचे, आणि पुढे पीआरआय झालेल्या पक्षाला आकार देण्यात त्यांचा मोठा वाटा. एकाच गावातून ही दोन माणसं यावीत, याचं मला अजून नवल वाटतं.

एस्त्रादाबरोबर त्याने पुढेही काम केलं. ‘एल इन्फिएर्नो’ २०१०चा, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याच्या द्विशताब्दीच्या वर्षातला. २० वर्षांनी अमेरिकेतून हाकलून दिलेला बेनी (अल्कासार) गावी परततो तर धाकटा भाऊ मारला गेलेला. पोटासाठी तो अमली पदार्थवाल्यांच्या टोळीत शिरतो. सहकलाकार होआकिन कोसिओ इथे धिप्पाड, दणदणीत. त्याच्या शेजारी अल्कासार लहानखुरा आणि गप्प, तरी नजर त्याच्यावरच जाते. २०१४च्या ‘ला दिक्तादुरा पेर्फेक्ता’मध्ये तो गव्हर्नर झाला आहे आणि आडनाव पुन्हा वार्गासच!

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते ‘क्रोनिकास’ने, २००४. इक्वाडोरमधली गोष्ट. फिरता विक्रेता विनिसिओ (अल्कासार) याच्या गाडीखाली एक मुलगा येतो आणि जमाव त्याला जाळायला निघतो. तुरुंगात तो टीव्ही पत्रकाराला सौदा सांगतो: मी बालहत्या करणाऱ्याबद्दल सांगतो, तू माझ्या बाजूने बातमी कर. हा बिचारा आहे की राक्षस? अल्कासार दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. तुरुंगातले प्रसंग मी आवाज बंद करूनही पाहिले. चेहरा तरी काही सांगेल असं वाटलं. नाही सांगितलं.

कोलंबियात दिग्दर्शक आंद्रेस बाइससाठी त्याने २००७मध्ये ‘सातानास’ केला. ‘नार्कोस’ मालिकेचे काही भागही बाइसनेच दिग्दर्शित केले; तिच्यात पुढे तो कोलंबियातल्या काली शहराच्या अमली पदार्थ टोळीचा हिल्बेर्तो रोद्रिगेझ ओरेह्वेला झाला. जगभर ओळख त्यानेच मिळवून दिली असेल, पण तिथे त्याला फार थोडं करायला मिळालं असं माझं मत. हॉलिवूडच्या भूमिकांबद्दलही तेच.

आणखी एक गोष्ट. २०१६मध्ये मेक्सिको सिटीसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र राज्यघटना लिहायला सभा बसली. अल्कासार मोरेना पक्षातर्फे तिचा सदस्य होता. ५ फेब्रुवारी २०१७ला ती घटना जाहीर झाली. पडद्यावरचा वार्गास हातात दिलेल्या राज्यघटनेतले नियम सोयीने वाकवत राहिला होता. १७ वर्षांनी तोच चेहरा खऱ्या मसुद्यावर बसलेला. त्या सभेतल्या त्याच्या भाषणांचं चित्रीकरण मी शोधते आहे. तिथे तो कुठे थांबतो, ते मला पाहायचंय.