तीस टाके, साठ ओळी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं. घंटा, कडुलिंब, छडी आणि सहलीची एसटी यांवर पुष्कळ जण लिहितील. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी शिकवलेलं विणकाम मात्र कोणाच्याच वहीत नाही, कारण त्या तासाला वही नसायचीच. ते मापासकट इथे लिहून ठेवतो. आज शाळेत असलेल्या पोरापोरींना हे वाचून सुया हातात घेता आल्या पाहिजेत, एवढ्याच बेताने.

पहिली गोष्ट सुयांची. आठ नंबरची जोडी घ्यावी. सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात जाण्याआधी माहीत असलेलं बरं. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, चौदा म्हणजे २. हा उलटा हिशेब तारेच्या गेजवरून आलेला आहे. मोटारपंप रिवाइंडिंग करणाऱ्याला विचारा, त्याच्याकडेही गेज वाढला की तार बारीक. सायकलच्या चाकाची तार साधारण १४ गेजची, म्हणजे २ मिलिमीटरची असते. तारांना टोकं घासून त्यांवर विणायचा उद्योग आपल्याकडे पुष्कळांनी केलेला आहे, पण जाड लोकर त्या तारेवर विणली की कापड पुठ्ठ्यासारखं होतं. हल्लीच्या सुयांवर मिलिमीटरच छापलेले असतात. ‘आठ द्या’ म्हटल्यावर ८ मिलिमीटरची सुई हातात आली, तर विण मासोळीच्या जाळ्यासारखी पडते.

बांबूच्या सुया घरीही होतात, आणि नवशिक्याला त्याच बऱ्या. वाळलेल्या बांबूच्या ३० सेंटिमीटरच्या काड्या चिराव्या, काचेच्या तुकड्याने तासाव्या, आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासाव्या. पत्र्याच्या पट्टीला ४ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून काडी त्यातून जेमतेम सरकली की माप झालं. टोक पेन्सिलीसारखं अणकुचीदार नको, ते धागा फोडतं, गोलसर असावं. शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवून फडक्याने कोरडं पुसायचं. बांबूवरून टाका घसरत नाही. अॅल्युमिनियमवरून घसरतो, शिवाय घामेजल्या हाताने विणलं तर पांढऱ्या लोकरीला करडी झाक येते. एरवीही आपल्याकडे हे काम दिवाळी ते संक्रांत याच दिवसांतलं. एप्रिल-मे मध्ये लोकर बोटाला चिकटते आणि मांडीवरचं विणकाम नकोसं होतं.

तालुक्याच्या बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही, धुवायला सोपं जातं आणि कसर लागत नाही. पण काय घेतलं ते कळावं म्हणून बोटभर धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळून बघावा. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. अॅक्रिलिक वितळून काळी टणक गुठळी होते. सुती धागा कागदासारखा जळतो. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की विणीतला जीव जातो आणि ती कायमची लोळागोळा होते. गोळ्याच्या पट्टीवर रंगाचा लॉट नंबर असतो. एका वस्तूला लागणारे सगळे गोळे एकाच नंबरचे, एकदमच घ्यावे. महिन्याभराने आणलेला ‘तोच’ लाल दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तोच दिसतो आणि ओसरीवर उन्हात आणला की वेगळा निघतो.

पापडाच्या पिठासारखं विणकामातही खरं काम पहिल्या टप्प्यातच आहे. एक चौकोन नीट आला की पुढचं सगळं येतं. तीस टाके, साठ ओळी, सगळ्या सुलट.

टाके घालताना आधी सरकफास करून डाव्या सुईवर चढवावा. उजवी सुई त्या फाशात समोरून मागे घालावी, धागा तिच्या टोकाला खालून वर असा एक वेढा द्यावा आणि तो वेढा फाशातून पुढे ओढून आणावा. जुना फास सोडायचा नाही. नवा फास डाव्या सुईवर चढवला की दोन टाके झाले. असे तीस. सुलट विणायचं तेव्हा हीच कृती, फरक एवढाच की नवा फास उजव्या सुईवरच राहतो आणि जुना डावीवरून उतरवून द्यायचा. टाके घालणं आणि विणणं यांत हाताची चाल एकच, म्हणून बाई हीच पद्धत आधी शिकवत. अंगठ्यावर फास घेऊन टाके घालायची रीत वेगाची आहे, पण तिच्यात शेपूट आधी मोजून ठेवावं लागतं. टाक्याला एक इंच धरला तर तिसाला पाऊण मीटर, वर वीतभर जादा. ते कमी पडलं की सत्ताविसाव्या टाक्याला सगळं उसवावं लागतं. दोन सुयांच्या पद्धतीत कड थोडी सैल दिसते. फाशाचा एक पाय सुईच्या समोर असतो, एक मागे. पहिली ओळ विणताना समोरच्या पायात न घालता मागच्या पायात सुई घातली की ती कड आवळून बसते.

या विणीत दोन ओळींचा मिळून एक आडवा वरंबा उठतो. वरंब्याची उंची आणि टाक्याची रुंदी जवळपास सारखी, म्हणून तीस टाक्यांना तीस वरंबे, म्हणजे साठ ओळी झाल्या की चौकोन होतो. पट्टीची गरज नाही, कर्णावर घडी घालून बघा. आठ नंबरच्या सुया आणि मध्यम जाडीचा धागा असेल, तर बाजू १४ सेंटिमीटरच्या आसपास येते आणि लोकर साधारण १० ग्रॅम लागते. पस्तीस मिनिटांच्या तासात नव्या हाताच्या दहा-बारा ओळी होतात. म्हणजे एक चौकोन पाच-सहा तासिकांचा.

आणि चुका याच चौकोनात होतात, सगळ्या. तिसाचे चौतीस टाके कसे होतात हे पोरांना कळत नाही. चौकोन वर जाता जाता सुपासारखा पसरतो. त्याचं कारण बहुतेक वेळा ओळीच्या सुरुवातीला असतं. सुई फिरवून दुसऱ्या हातात घेतली की धागा समोर खाली लोंबत असला पाहिजे आणि तिथून दोन सुयांच्या मधून मागे जायला हवा. तो सुईच्या वरून मागे ओढला, तर पहिल्या टाक्याखालचा फास वर खेचला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर दिसतात आणि आपण एका टाक्याचे दोन विणतो. बाई बाकांमधून फिरताना एवढंच विचारत, “मोजले काय व?” विणायचं कसं ते त्या दोनदा सांगत, मोजायचं मात्र प्रत्येक ओळीला. ओळ संपताच मोजलं तर एकच ओळ उसवायची. न मोजता दहा ओळी गेल्या की दहा उसवायच्या.

टाके कमी होत असतील तर कुठेतरी टाका गळालेला आहे. तो खाली उतरत जाऊन आडव्या धाग्यांची शिडी करतो. घाबरून सुई ओढायची नाही. गळालेल्या फाशात आधी सेफ्टी पिन अडकवावी, मग क्रोशाची सुई घ्यावी. मोजेवीण असेल, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट (धागा समोर ठेवून, सुई फाशात मागून पुढे घालून विणलेली), तर सुलट बाजू समोर धरून हूक फाशात घालावा, शिडीची सर्वांत खालची पायरी पकडून फाशातून पुढे ओढावी, मग तिच्या वरची. सुलट टाका ओळखायचा तो गव्हाच्या ओंबीत समोरासमोर बसलेल्या दाण्यांच्या जोडीसारखा दिसतो म्हणून. उलट टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ असते. आपल्या चौकोनात ओळी सगळ्या सुलट असल्या, तरी एकाच बाजूने पाहिलं तर एका आड एक ओळ उलट दिसते. तेव्हा इथे हूक एका पायरीला समोरून, दुसऱ्या पायरीला मागून घालावा लागतो. ही पाळी चुकली तर त्या उभ्या रेषेत वरंबा तुटलेला दिसतो.

तिसरी चूक ओळीच्या मधे उठण्याची. परत येऊन कोणती सुई कोणत्या हातात हे विसरलं, की अर्ध्या ओळीतूनच उलट्या दिशेने विणलं जातं आणि मधे भोक पडतं. गोळ्याकडे जाणारा धागा ज्या सुईतून निघतो ती उजव्या हातात, एवढं ध्यानात ठेवायचं. जमल्यास ओळ पुरी करूनच उठावं. आई हाक मारतेच, तो भाग वेगळा.

विण घट्ट होते ती भीतीने. टाका सुटेल म्हणून पोरं धागा करकचून ओढतात, मग सुई आत शिरत नाही. टाका सुईच्या निमुळत्या टोकावर नव्हे, जाड भागावर पक्का व्हायला हवा. गोळाही ताणून गुंडाळू नये. ताणलेला धागा विणल्यावर हळूहळू मूळ लांबीवर येतो आणि वस्तू आखडते. दोन-तीन बोटांवरून गुंडाळत बोटं अधूनमधून काढून घेतली की गोळा मऊ राहतो. उसवलेला धागा कुरळा असतो. त्याची खुर्चीच्या पाठीवर लडी करून चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून तळाला थोडं वजन अडकवून सावलीत टांगावी. नवा गोळा ओळीच्या कडेलाच जोडायचा, दोन्हीकडे वीतभर टोक ठेवून, आणि ती टोकं नंतर जाड सुईने वरंब्यांच्या आत लपवायची. मधेच गाठ मारली तर अॅक्रिलिकची गाठ धुण्यात सुटते.

बंद करताना दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उडी मारून टाकायचा, मग एक विणायचा, परत तसंच. ही कड हमखास आवळते. उजव्या हातात सात नंबरची जाड सुई घेतली की आवळत नाही. शेवटच्या टाक्यातून टोक ओढून घेतलं की झालं.

असे अठ्ठेचाळीस चौकोन, सहा आडवे आणि आठ उभे, शिवले की ८४ बाय ११२ सेंटिमीटरचं बाळाचं पांघरूण होतं. सगळी लोकर धरून अर्धा किलो. एका वर्गाला एका हिवाळ्यात सहज झेपणारं काम आहे. शिवताना एका चौकोनाचे वरंबे आडवे, शेजारच्याचे उभे ठेवले तर लहानमोठ्या हातांचा फरक झाकतो.

पहाटे दुधाला किंवा वावरात जागलीला जाणाऱ्यासाठी कानपट्टी करावी. वीस टाके, सगळं सुलट, ४८ सेंटिमीटर लांब, दोन टोकं शिवून. डोकं ५४-५६ सेंटिमीटर भरतं, पण पट्टी त्याहून आखूड असली तरच कानावर बसते. पंचवीस ग्रॅमचा गोळा जेमतेम पुरतो, दुसरा जवळ ठेवावा. मफलर नंतर. बेचाळीस टाके, दोन सुलट-दोन उलट, दीड मीटर, २०० ग्रॅम. त्यात अडचण एकच. सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा आणि परत मागे न्यायचा. सुईवरून आणला की आयता जास्तीचा टाका तयार होतो आणि खाली भोक.

कापसाच्या मुलखात सुती धागा का नाही, असं कोणी विचारेल. वापरावा, पण जिथे ताण लागत नाही तिथे. भांड्याखालचा रुमाल, पिशवी, दाराचं तोरण यांना उत्तम. कानपट्टीला नाही, सूत ताणलं की परत येत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आला, कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला, आणि आपल्या वेळापत्रकात तो शनिवारचा शेवटचा तास झाला. तेव्हा सूत कातायच्या टकळीवर पोरं जो पीळ शिकत, तोच पुढच्या दोरीला लागतो.

ती दोरी तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोरांच्या पोळ्यातल्या लाकडी बैलाच्या गळ्यातली. हव्या त्या लांबीच्या तिप्पट लोकरीचे चार धागे घ्यावे. एक टोक खिळ्याला बांधून दुसरं एकाच दिशेने पिळत राहावं, सैल सोडलं की स्वतःभोवती वळायला लागेपर्यंत. मग मध्यावर बोट ठेवून दुमडलं की दोन पदर आपोआप उलट्या दिशेने एकमेकांत गुंफतात. पीळ कमी पडला तर दोरी पोकळ दिसते. टोकाला गाठ मारल्याशिवाय सोडू नये.

गोंड्यासाठी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, ६ सेंटिमीटरच्या, मधे २ सेंटिमीटरचं भोक. दोन्ही एकावर एक ठेवून भोक जवळजवळ भरेपर्यंत लोकर गुंडाळावी. इथे कंजुषी केली की गोंडा झुरळाच्या मिशीसारखा विरळ होतो. कडेने कात्री दोन चकत्यांच्या मधे घालून कापावं आणि चकत्या काढायच्या आधीच मधोमध सुती जाड दोऱ्याने आवळावं. लोकरीचाच धागा बांधायला घेतला तर तो ताणतो, गाठ सरकते, आणि पूजेआधीच गोंडा गळायला लागतो. बांधलेली टोकं लांब ठेवावी, त्यांनीच दोरीला जोडायचा. मग हातात गोल फिरवत कात्रीने छाटावा, चेंडू होईपर्यंत.

पोळा श्रावणी अमावास्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. म्हणजे पाऊस धरूनच चालावा. भिजलेला गोंडा पिळू नये, झटकावा आणि ओसरीच्या खुंटीला दोरीने टांगून ठेवावा. चुलीजवळ मात्र नाही.