नाणेघाट, ३० एप्रिल २००५ (गेलो मात्र २०२४ मध्ये)

एसटीने वैशाखरे मागे टाकलं, कंडक्टर ‘नाणेघाटवाले, पुढं या’ म्हणून ओरडला, तरी माझा टॅब्लेट ठिकाण शोधतच होता. शेजारी बसलेल्या भाचीने तिचा फोन माझ्या नाकापुढे धरला. त्यावर निळा ठिपका गुमान रस्त्याने चालला होता.

‘मामा, फोनमध्येच जीपीएस असतं रे. हे डबडं कशाला आणलंस?’

डबडं म्हणजे माझा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, २००९ साली लॅमिंग्टन रोडवर घेतलेला. तेव्हाच्या माझ्या नोकियात जीपीएस नव्हतं, म्हणून घेतला. त्याची बॅटरीही नोकियाचीच, बीएल-५सी, अजून दुकानात मिळते. आज तो बाहेर निघाला, कारण चष्म्याचा नंबर वाढला. फोनवरच्या नकाशातल्या उंचीच्या रेषा मला आता दिसत नाहीत, म्हणून मोठा टॅब्लेट घेतला. त्यात सिम नाही आणि जीपीएसची चिपही नाही, हे घरी आल्यावर कळलं. दुकानदाराने सांगितलं नाही, मीही विचारलं नव्हतं.

आदली रात्र या दोघांचं जुळवण्यात गेली. चार वेळा शून्य दाबून जोडणी झाली, पण नकाशा ढिम्म. रिसीव्हर बिचारा काम करत होता. ब्लूटूथवरून तो जुन्या कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टसारखा वागतो आणि दर सेकंदाला साध्या मजकुराच्या ओळी सोडत राहतो. अँड्रॉइड मात्र त्या ओळी स्वतःहून ऐकत नाही. मध्ये एक दुभाषी अ‍ॅप लागतं, आणि त्याला नेमायचं ‘मॉक लोकेशन अ‍ॅप’ म्हणून, म्हणजे खोटं ठिकाण सांगणारा! उपग्रहांचं ऐकून बोलणाऱ्याला थापाड्यांच्या रांगेत उभं करायचं. ही नेमणूकही सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्स या लपवलेल्या यादीत दडलेली, आणि तिथे पोचायला बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची. अँड्रॉइड ६ च्या आधी नुसती एक खूण केली की भागायचं. शिवाय अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला ‘जवळपासची डिव्हाइसेस’ ही वेगळी परवानगी द्यावी लागते. मी ती घाईत नाकारली होती. अर्धा तास त्यात गेला.

भाचीचा आयफोन. त्याच्या ब्लूटूथ यादीत माझं डबडं दिसलंसुद्धा नाही. अशा जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ उपकरणाला तिथे अ‍ॅपलच्या परवान्याशिवाय दार उघडत नाही.

फाट्यावरून चालायला लागलो तेव्हा साडेआठ झाले होते. रिसीव्हर सॅकच्या वरच्या कप्प्यात, आकाशाकडे तोंड करून. झाडीत शिरेपर्यंत नकाशावरचा बाण नीट चालला, ओढ्याशी येऊन थबकला. आम्ही ओढा ओलांडून वर आलो तरी हा पलीकडेच. टॅब्लेटने बॅटरी वाचवायच्या नादात दुभाष्यालाच झोपवलं होतं. त्या अ‍ॅपसाठी बॅटरीची बचत बंद केली आणि बाणाने एका उडीत ओढा पार केला. नकाशावर तिथे सरळ रेघ उमटली आहे, जणू आम्ही झाडांच्या शेंड्यांवरून गेलो.

वरच्या टप्प्यात वाट उभी होते, दगडी पायऱ्या लागतात, नानाचा अंगठा हा कडा डोक्यावर येतो. घामाघूम होऊन लेण्यात शिरलो. भिंतींवर ब्राह्मीतला लांबलचक लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा. यज्ञ केले, दक्षिणा दिली, गायी दिल्या, घोडे दिले, आणि सगळं आकड्यांत. शून्य नाही, दहासाठी, शंभरासाठी, हजारासाठी वेगळी चिन्हं. मी बोटाने हवेतच एक-एक चिन्ह गिरवत बसलो. भाची माझ्या टॅब्लेटवर रिसीव्हरच्या कच्च्या ओळी बघत होती.

‘मामा, हे १९१७ काय आहे? साल?’

‘नाही गं, अक्षांश. एकोणीस अंश सतरा मिनिटं, एकत्र चिकटवून लिहितात.’

‘आणि हे ३००४०५?’

ती तारीख होती. तीस, चार, पाच. ३० एप्रिल २००५. आम्ही तिथे १४ डिसेंबर २०२४ च्या शनिवारी बसलो होतो.

मग जरा हिशेब घातला. जीपीएसचे उपग्रह तारीख सांगत नाहीत, आठवड्याचा क्रमांक सांगतात. जुन्या संदेशात त्याला दहाच बिटांची जागा आहे, म्हणजे ० ते १०२३. त्यापुढे पुन्हा शून्य. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये पुन्हा झालं. माझ्या रिसीव्हरला ही दुसरी फेरी कळलेलीच नाही. तो बरोब्बर १०२४ आठवडे मागे आहे. पूर्ण आठवडेच मागे, म्हणून वार तेवढा बरोबर: ३० एप्रिल २००५ लाही शनिवारच होता. ठिकाणात मात्र काही चूक नाही. लेण्यापुढच्या घळीत जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. तोही भरला की रिकामा करून पहिल्यापासून मोजत असणार, फक्त किती वेळा रिकामा केला ते कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

‘म्हणजे तेव्हा मी जन्मलेच नव्हते,’ भाची म्हणाली. तिचा जन्म त्या नोव्हेंबरचा.

रांजणाच्या घळीत मात्र डबड्याने मान टाकली. दोन्ही बाजूंना कातळ, वर आकाशाची पट्टी. उपग्रहांची हाक कड्यावर आपटून उशिरा पोचते आणि तो फसतो. आम्ही रांजणाशी, बाण कोकणच्या बाजूला दरीत, हवेत लटकलेला. भाचीचा ठिपका घळ सोडत नव्हता. तिचा फोन दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकतो, गॅलिलिओ-ग्लोनास या युरोपच्या आणि रशियाच्या उपग्रहांचंही ऐकतो; माझा एकट्या जीपीएसचं, तेही एकाच फ्रिक्वेन्सीवर. इथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी टॅब्लेट सॅकमध्ये टाकला आणि डबा उघडला.

रात्री घरी आल्यावर वाटेची फाइल ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, पाठवली. दहा मिनिटांत फोन.

‘अरे, ३० एप्रिल २००५? तेव्हा मी उलट्यांनी हैराण झाले होते, आणि तुम्ही दोघं नाणेघाटात काय करत होतात?’